चलन भरलं, तरी लायसन वाचत नाही

पिंपरी-चिंचवडमधल्या एका व्हॅनचालकांचं पत्र आहे. शाळेच्या मुलांची ने-आण करतात. त्यांच्या स्वतःच्या मोटरसायकलवर दोन ई-चलनं झाली: एक विनाहेल्मेट, दुसरं गाडी चालवताना मोबाइल वापरल्याचं. दोन्ही त्यांनी ऑनलाइन भरली, पावत्या जपून ठेवल्या. आता आरटीओची कारणे दाखवा नोटीस आली आहे की लायसन निलंबित का करू नये? त्यांचा प्रश्न: ‘पैसे भरले की प्रकरण मिटत नाही का?’ याच अर्थाची पत्रं मला सतत येतात.

नाही मिटत. तुमचा सगळा मामला मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये आहे. तुम्ही भरलेली रक्कम म्हणजे तडजोड शुल्क. ते भरलं की त्या गुन्ह्याचा खटला थांबतो, हे खरं. पण २०१९ च्या दुरुस्तीने याच कलमात दोन परंतुकं, म्हणजे ‘मात्र’ म्हणून जोडलेल्या अटी, आली. पहिलं असं, की तडजोड झाली तरी तो गुन्हा ‘पूर्वीचा गुन्हा’ म्हणून मोजला जाईल. दुसरं असं, की कलम २०६(४) खालची लायसनवरची कारवाई त्याने टळणार नाही. विनाहेल्मेटचं कलम १९४-ड आणि मोबाइलचं कलम १८४, दोन्ही त्या २०६(४) मध्ये येतात. म्हणजे पावती दाखवून सुटता येणार नाही. सुनावणीत तोच एक मुद्दा धरून बसलात तर वेळ वाया जाईल.

आता दुसऱ्या चलनाबद्दल. कलम १९(१-अ) नुसार पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांची अपात्रता आहे, म्हणजे तेवढा काळ गाडी चालवता येत नाही, पण दुसऱ्या किंवा त्यानंतरच्या गुन्ह्याला लायसन रद्द होतं. दोन वेगळ्या कलमांची दोन चलनं ‘दुसरा गुन्हा’ ठरतात की नाही, यावर वाद घालायला जागा आहे आणि तो घालाच. अधिकारी काय मानतील, हे मी इथून सांगू शकत नाही.

पत्राच्या अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘मोबाइलच्या वेळी गाडी भाच्याकडे होती.’ अहो, हे पैसे भरण्याआधी सांगायचं होतं! दंड मालकाकडून वसूल होतो, पण लायसन चालकाचं जातं. कलम १३३ खाली, विचारणा झाली की गाडी कोण चालवत होतं हे सांगणं मालकाचं कर्तव्यच आहे. तुम्ही मुकाट्याने पैसे भरून तो गुन्हा स्वतःच्या खात्यावर घेतल्यासारखं केलंत. अजून सगळं हातचं गेलेलं नाही. चलनावरचा फोटो उघडा, मोठा करून बघा. चालवणाऱ्याची अंगकाठी, शर्ट, चेहरा यातलं काय दिसतं? तारीख आणि वेळ बघा. त्या वेळी तुम्ही व्हॅनवर असाल तर शाळेकडून तसं लेखी पत्र घ्या.

मात्र भाच्याचं नाव लिहिण्याआधी त्या तारखेला त्याला अठरा पूर्ण होती का आणि लायसन होतं का, हे तपासा. तो अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, असेल तर कलम १९९-अ तुमच्यावर येतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. तसं असेल तर एक ओळही लिहू नका, आधी वकिलाला प्रत्यक्ष भेटा. आणि खोटं नाव तर कुणाचंच देऊ नका.

तुमच्या नोटिशीवरची सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे आणि नोटीस तीन आठवडे घरात पडून होती. ती तारीख चुकवू नका. गैरहजर राहिलात तर तुमची बाजू न ऐकता आदेश होईल आणि ‘मला संधीच मिळाली नाही’ हे म्हणायची सोय उरणार नाही. लेखी खुलासा द्या, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. त्यात एक विनंती ठळकपणे करा: कलम १९ मध्ये अपात्रता लायसनवरच्या ‘सर्व किंवा काही’ वर्गांच्या वाहनांपुरती करता येते. गुन्हे दुचाकीवरचे आहेत, पोट व्हॅनवर आहे, म्हणून कारवाई दुचाकीच्या वर्गापुरती ठेवावी. मान्य होईलच असं नाही, पण मागितल्याशिवाय कुणी स्वतःहून देणार नाही.

आदेश विरोधात गेला तर तो हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. आदेश ज्या पाकिटातून येईल ते पाकीटही ठेवा, आदेश कधी मिळाला हे दाखवायला त्यावरचा शिक्का कामी येतो.

आणि ज्या वर्गाची अपात्रता होईल, त्या वर्गाची गाडी त्या काळात एक दिवसही चालवू नका. कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही, हे तर आहेच. त्याहून मोठं म्हणजे अपात्र चालकाच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनीला भरपाई नाकारायला बचाव मिळतो. व्हॅनमध्ये लोकांची मुलं असतात. तेव्हा व्हॅन मालकाला आजच कल्पना द्या आणि गरज पडली तर तीन महिन्यांसाठी बदली चालक कोण, हे सुनावणीच्या आधीच ठरवून ठेवा.