जड लेन्स आणि पहिला पट्टा

२००-५०० मिमीची झूम लेन्स घेतलीस, मनापासून अभिनंदन! सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळविटांसाठी उत्तम लेन्स आहे. पण ती एकटीच सव्वादोन किलोच्या वर भरते. कॅमेऱ्याची बॉडी धरून तीन किलो. बॉक्समधला अरुंद पट्टा त्यासाठी नाही, तासाभरात मान धरते. खांद्यावरून तिरका जाणारा रुंद पट्टा घे.

सुरुवातीला एवढंच सांभाळ:

- पट्टा लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीची, ट्रायपॉडला जोडायचा पाया असलेली कडी) अडकव, बॉडीला नाही. नवीन लोकांची हीच चूक सर्वाधिक होते. बॉडीला लटकवलं की सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे जोडते तिथे, येतो.
- स्क्रू रोज हाताने तपास. तिरके पट्टे ट्रायपॉडच्या पाव इंची भोकात बसतात आणि चालताना हळूहळू सैल होतात. माझा गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत, मिरवणुकीतले नंदीध्वज बघत असताना निसटला होता. कॅमेरा वाचला तो केवळ जादा दोरीमुळे. म्हणून ती छोटी सुरक्षा-दोरी कॉलरच्या पायाला न घालता बॉडीच्या कडीला बांध. स्क्रू सुटला तरी कॅमेरा लटकून राहील.
- शिवण आणि हुक बघ. दोरा उसवलेला, पट्टा कडेने पिंजलेला दिसला की बदल, डागडुजी नको. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम मुरतो, म्हणून पट्टा धुऊन सावलीत वाळव.

स्वस्त नक्कल मात्र घेऊ नकोस. लाखाच्या आसपासचं सामान त्या एका हुकावर असतं. दुकानात स्वतःचा कॅमेरा लावून दहा मिनिटं फिरून बघ. हार्नेस, दोन कॅमेरे वगैरे नंतर बोलू. आधी हा पट्टा अंगवळणी पडू दे.