बारोलो वाईनचा रंग इतका फिका आणि चव इतकी तुरट का? ती कशी उघडावी, कशी चाखावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इटलीहून दोन बाटल्या आल्या, लेबलवर 'बारोलो, सेरालुंगा द'आल्बा, २०१९'. पहिली उघडली, लगेच ग्लासात ओतली. रंग पातळ, कडेला विटकरी छटा, आणि दुसऱ्याच घोटाला हिरड्या आवळल्या. सवय नाशिकच्या शिराझ या गडद लाल वाईनची, त्यामुळे बाटली खराब निघाली असं वाटलं. आता दुसरीचं काय करावं?

पहिली बाटली बहुधा ठणठणीत होती. तिला वेळ मिळाला नाही, आणि बहुतेक ती गरमही होती.

आधी रंगाचं. बारोलो फक्त नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची करतात, तीही पिडमाँट प्रांतात आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांवरच्या ११ गावांच्या हद्दीत. या द्राक्षाच्या सालीत रंगद्रव्य मुळात बेताचं, आणि जे असतं त्यातलं बरंचसं हवेने लवकर विटणारं. त्यामुळे पाच-सहा वर्षांच्या बारोलोची कड विटकरी दिसते ती द्राक्षाच्या स्वभावाने. तशीच कड कोवळ्या शिराझला दिसली तर मी काळजी करेन, इथे नाही. उलट एखादी बारोलो जांभळट-काळी दिसली तर मला शंका येते.

तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन आणि रंग या दोन वेगळ्या गोष्टी. टॅनिन सालीत असतं तसं बियांतही असतं, आणि नेब्बिओलोत ते भरपूर. त्यात जुन्या पद्धतीत रस सालींसकट २०-३० दिवस, कधी त्याहूनही जास्त मुरत ठेवतात, आणि वर तरंगून येणारा सालींचा थर रसात दाबून धरतात. पुढे वाईन हजारो लिटरच्या जुन्या ओक पिंपांत जाते. १९८० च्या दशकात काही तरुण उत्पादकांनी हे मुरवणं आठवड्या-दीड आठवड्यावर आणलं आणि २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपं आणली. या छोट्या पिंपाचं नाव 'बारीक', म्हणजे मराठीतही शोभेल असं. भांडण एवढं पेटलं की एलिओ अल्तारे यांनी १९८३ साली घरची जुनी पिंपं करवतीने कापली, तर परंपरावादी बार्तोलो मास्कारेल्लो यांनी लेबलवरच 'नो बारीक, नो बेर्लुस्कोनी' असं लिहिलं (बेर्लुस्कोनी हे इटलीतले राजकारणी). आता बहुतेकांनी मधली वाट धरली आहे. तरी ग्लासात व्हॅनिला आणि भाजलेल्या लाकडाचा वास पुढे आला तर नवं छोटं पिंप वापरलंय असं समजावं.

कायद्याने बारोलो तोडणीच्या वर्षातल्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरावी लागते, त्यातले १८ महिने लाकडात. 'रिझेर्वा'ला ६२ महिने. म्हणजे तुमची २०१९ ची बाटली २०२३ च्या जानेवारीआधी विकताच आली नसती. एवढं होऊनही बारोलोच्या हिशेबात ती कोवळीच. शिवाय गाव सेरालुंगा. ढोबळमानाने सांगायचं तर ला मोर्रा आणि बारोलो गावाकडच्या वाईनला सुगंध जास्त आणि ती लवकर मऊ होते. सेरालुंगा आणि मोनफोर्तेकडची ताठ, टॅनिनने भरलेली, उशिरा वळणारी. तुम्ही नेमकी सगळ्यात हट्टी गावातली बाटली घाईने उघडलीत.

आता दुसरी. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, गाळ असला तर तळाशी बसेल. प्यायच्या तीन तास आधी उघडा. बूच लांब असतं, पेच मधोमध सरळ घाला आणि दोन टप्प्यांत ओढा. इथे बहुतेकांची एक चूक होते: बूच काढून बाटली तशीच ठेवतात आणि 'श्वास घेतेय' म्हणतात. बाटलीच्या गळ्यात हवेला भिडणारा वाईनचा पृष्ठभाग रुपयाच्या नाण्याएवढा. तीन तासांत त्याने काहीही होत नाही. वाईन रुंद बुडाच्या डिकँटरमध्ये ओतायलाच हवी. डिकँटर नसेल तर काचेचा मोठा जग चालतो, फक्त त्याला साबणाचा किंवा फडताळाचा वास नको. तांब्या-पितळेचं भांडं मुळीच नको, वाईन आंबट असल्याने त्यात कळकते.

ओतल्यावर लगेच एक चमचाभर चाखा, मग दर तासाने. टॅनिन कुठे जात नाही. पण बंद वास उघडतो आणि चव गोलाईला येते. हा फरक स्वतः पाहणं म्हणजे निम्मा अभ्यास. मात्र हे कोवळ्या बाटलीपुरतं. वीस-पंचवीस वर्षांची बारोलो जगमध्ये तीन तास ठेवलीत तर उरलासुरला सुगंधही उडून जाईल. ती पिण्याआधी थोडाच वेळ, हळूच ओतायची, बाटलीच्या गळ्याखाली बॅटरीचा उजेड धरून, आणि गाळ गळ्याशी आला की थांबायचं. तळाचा दोन बोटं भाग सोडून द्यावा. गाळाने अपाय होत नाही, पण तो कडू आणि कचकचीत लागतो.

तापमान हवं १६ ते १८ अंश. 'रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी' हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. पुण्या-मुंबईची ३० अंशांची खोली त्यात बसत नाही. गरम बारोलोत १४-१४.५ टक्के अल्कोहोल आधी नाकात झोंबतं आणि फुलांचा वास त्याखाली दबतो. फार गार केली तर टॅनिन अजून कडक लागतं. ३० अंशांवरची बाटली फ्रीजमध्ये साधारण दीड तासात १७ च्या आसपास येते, बर्फाच्या पाण्यात दहा-बारा मिनिटांत. पण क्रम लक्षात घ्या: आधी गार करून मग तीन तास जगमध्ये ठेवलीत तर सगळी मेहनत वाया. जग एसीच्या खोलीत ठेवा, आणि प्यायच्या आधी दहा मिनिटं गार पाण्याच्या पातेल्यात बसवा.

ग्लास मोठ्या पोटाचा, वर निमुळता. त्यात ७५ ते १०० मिली, पाव ग्लासापेक्षा जास्त नाही, नाहीतर फिरवायला जागा राहत नाही.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा: मध्ये माणकासारखा लाल, कडेला विटकरी. न फिरवता एकदा हुंगा, मग दोन-तीन वेळा गोल फिरवून पुन्हा. बारोलोची ओळख म्हणून 'गुलाब आणि डांबर' हे शब्द वापरतात आणि आपल्याला ते शिकवावे लागत नाहीत. गुलाब म्हणजे ताजा नव्हे, गुलकंदाची बरणी उघडल्यावर येतो तो. डांबर म्हणजे नव्या रस्त्याचा उन्हातला वास, अगदी पुसट. त्यामागे आंबट चेरी, रासबेरी, ज्येष्ठमध, किंचित बडीशेप. जुन्या बाटलीत वाळलेली पानं, चामडं, अळंबी, ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुवासिक बुरशी). हे सगळं तुम्हाला सापडलंच पाहिजे असं नाही. दोन वास नक्की सांगता आले तरी पुष्कळ.

मग छोटा घोट, १०-१५ मिली. तोंडात सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, आठ-दहा सेकंद थांबा, मग गिळा किंवा थुंका. आधी आंबटपणा कळतो: गिळल्यावर तोंडाला किती पाणी सुटतं त्यावरून तो जोखायचा. लगोलग टॅनिन. ते जिभेवर शोधू नका, वरच्या हिरड्या आणि गालांच्या आतली बाजू जिभेने चाचपा. लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटून साकळतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, म्हणून तोंड कोरडं पडतं. आता प्रश्न 'किती' हा नाही, बारोलोत ते भरपूरच असणार. प्रश्न 'कसं' हा आहे. चांगल्या बारोलोचं टॅनिन बारीक, दळदार, जांभूळ खाल्ल्यावर राहतं तसं; त्याच्यासोबत फळाची चव टिकते. कच्च्या द्राक्षातून आलेलं टॅनिन हिरवट आणि खरखरीत, कच्चं केळं चावल्यासारखं, आणि फळ त्याआधीच संपलेलं. गिळल्यावर गुलाब-चेरीची चव किती सेकंद राहते ते मोजा. नुसता तुरटपणा राहिला तर तो मोजण्यात धरू नका.

टॅनिन घोटागणिक साचत जातं. पहिला घोट छान आणि चौथा असह्य, असं होतं ते यामुळे. दोन घोटांत मिनिटभर जाऊ द्या, मध्ये पावाचा तुकडा आणि पाणी.

खरोखर खराब बाटली कशी ओळखायची? ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीचा वास येत असेल आणि हवेने तो जाण्याऐवजी वाढत असेल, तर बुचाचा दोष. त्यावर उपाय नाही. बूच वर सरकलेलं, गळ्यावर ओघळ, वास शिजवलेल्या मुरांब्यासारखा, तर बाटलीने वाटेत किंवा कपाटात उन्हाळा खाल्लाय. नेलपॉलिशचा वास ठसठशीत असेल तर आंबण्यात गडबड. जुन्या धाटणीच्या वाईनमध्ये त्याची पुसट छटा मात्र खपवून घेतात. रंग विटकरी पण वास ताजा, तर दोष नाही.

सोबत खायला चरबी आणि प्रथिनं हवीत, म्हणजे टॅनिन लाळेऐवजी त्यांना चिकटतं. पिडमाँटमध्ये बारोलोतच मंद शिजवलेलं बीफ, अंड्याच्या बलकाचे बारीक नूडल्स म्हणजे तायारिन, कास्तेलमान्यो चीज असा बेत असतो. आपल्याकडे करायचं तर मिरं, लसूण आणि तुपावर हळू शिजवलेलं मटण, किंवा नुसतं जुनं कडक पार्मेझान. तांबडा रस्सा नको: मिरचीमुळे अल्कोहोल जास्त झोंबतं आणि टॅनिन दुप्पट वाटतं. तळलेला बांगडा तर मुळीच नको, तोंडात लोखंडी चव येते.

दुसरी बाटली आणखी पाच-सात वर्षं ठेवावी का? १२-१४ अंशांचा वाईन फ्रीज असेल तर खुशाल, आडवी ठेवा. नसेल तर येत्या उन्हाळ्याआधी उघडा. मे महिन्यातलं कपाट हट्टी सेरालुंगालाही मारतं. उघडल्यावर सगळी एका रात्रीत संपवायची गरज नाही. सुरुवातीलाच निम्मी ३७५ मिलीच्या स्वच्छ छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चाखायच्या तासभर आधी बाहेर काढून ओता.