'एक किलो प्रेशर' म्हणजे नेमकं किती?

वरूडकडच्या एका संत्रा बागायतदारांनी विचारलं आहे: "ठिबक बसवणारा म्हणतो, 'काटा एक किलोवर ठेवजा.' माहितीपत्रकात 'एक बार' लिहिलंय. टायरवाला हवा पौंडात भरतो. किलो तर वजनाचं माप, मग दाबाला किलो म्हणणं चूक नाही का? आणि किलोचे पौंड करायला 2.2 नं गुणायचं ना?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण नुकसान तिथंच होतं. 2.2 नं गुणू नका, 14.2 नं गुणा.

इथला 'किलो' हा अर्धा शब्द आहे. पूर्ण माप 'दर चौरस सेंटीमीटरवर एक किलो भार'. पौंडाचंही तसंच: 'दर चौरस इंचावर एक पौंड भार', म्हणजेच गेजवरचं, दाब मोजणाऱ्या तबकडीवरचं, पीएसआय. रोजच्या बोलण्यात दोन्हीकडचं क्षेत्रफळ गळून गेलं आणि वजनाचं नाव तेवढं उरलं. एक किलो वजन म्हणजे 2.2046 पौंड हे खरं, पण एका चौरस इंचात 6.4516 चौरस सेंटीमीटर बसतात. या दोन आकड्यांचा गुणाकार 14.22 येतो. टायरातली 30 पौंड हवा म्हणजे 2.1 किलो. कोणी 30 ला 2.2 नं भागून किलोच्या काट्यावर 13.6 पर्यंत हवा भरायला गेला, तर तो दाब 193 पौंड होतो. मोटारसायकलचा टायर तिथवर पोचण्याआधीच फुटू शकतो. उलट ठिबकला 'एक किलो' म्हणून पीएसआयच्या गेजवर 2.2 ठेवले, तर खरा दाब 0.15 किलोच भरतो आणि शेवटच्या झाडांपर्यंत पाणी धड पोचत नाही.

मग 'किलो' म्हणणं चूक का? माझ्या मते बोलताना मुळीच नाही. शेतात त्याचा दुसरा अर्थ कोणी घेत नाही. लिहिताना मात्र क्षेत्रफळ गाळू नये. त्यातही एक खाचखळगा आहे: केपीए लिहिलेलं गेज. त्यातला 'के' किलोचाच, पण तो वजनाचा नव्हे, हजाराचा. किलोपास्कल म्हणजे हजार पास्कल. आपला एक किलो दाब तिथं 98 वर दिसतो. बार म्हणजे बरोबर 100 किलोपास्कल, अर्थात 1.02 किलो. किलो आणि बारमधला फरक दोन टक्क्यांचा. शेतातल्या गेजवर तो डोळ्यांना कळतही नाही. माहितीपत्रकातला एक बार म्हणजे तुमच्या माणसाचा एक किलो, असं खुशाल धरा.

पंपाच्या पाटीवर याच दाबाचं आणखी एक नाव असतं, 'हेड', आणि ते मीटरमध्ये. 10 मीटर उंच पाण्याचा दाब एक किलो. फुटात सांगायचं तर एक किलोला 32.8 फूट, एका पौंडाला 2.31 फूट. हे पाठ असलेलं बरं. बाग चढावर असेल आणि वरचं टोक पंपापेक्षा 5 मीटर उंच असेल, तर पाइपातल्या घर्षणानं होणारी दाबाची घट धरण्याआधीच अर्धा किलो गेला. 3 मीटर उंच टाकीवरून ठिबक चालवलं, तर मिळतो 0.3 किलो. एक किलोला ताशी 4 लिटर देणारा साधा ड्रीपर (झाडापाशी थेंब सोडणारी तोटी) तिथं जेमतेम 2.2 लिटर देतो, कारण पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या हिशेबानं घटतं.

शब्दाचंही थोडं. पाण्याला 'दाब', माणसावर 'दबाव'; ही सोय मराठीत आहे ती टिकवावी. पण शेतावर 'दाब कमी आहे' म्हटलं की आधी विजेची शंका येते, कारण उच्चदाब, लघुदाब हे शब्द विजेच्या कारभारात रुळले आहेत. म्हणून आपल्याकडे मोटरीपाशी विजेचं 'व्होल्टेज' आणि पाण्याचं 'प्रेशर' असं वेगळं बोलतात, ते योग्यच आहे.

गेजच्या तबकडीवर बहुधा दोन पट्ट्या असतात. किलोच्या 1 समोर दुसरीवर 14 च्या किंचित पुढची जागा आली, तर ती पौंडाची. 100 च्या जरा अलीकडची आली, तर किलोपास्कलची. मोटर बंद करून लाइनमधलं पाणी उतरल्यावर काटा शून्यावर येतो का तेही पाहा. नाही आला, तर एकक कोणतंही असो, तो आकडा धरू नका.