कुंपणाची फट आधी ठरवा

प्रश्न : बागेची दर्शनी बाजू ४० फूट आहे, मधोमध ३ फुटांचं फाटक हवं. लाकडी कुंपणाला उभ्या पट्ट्या शोभतील की आडव्या? सामान किती लागेल?

उत्तर : पट्टीच्या टोकाला कमान द्यायची की टोकदार काप, हा विचार नंतर. कुंपणाचं रूप मुख्यतः दोन पट्ट्यांमधल्या फटीवर ठरतं. फट पट्टीच्या निम्मी असेल तर कुंपण भरीव दिसतं, तरी मागची फुलं झाकली जात नाहीत. पट्टीइतकीच फट ठेवली तर ते हलकं वाटतं. घरात लहान मूल असेल तर फट ४ इंचांच्या आतच हवी. लाकूड ओलसर असेल तर ती आणखी थोडी कमी धरा. वाळताना पट्टी आकसते आणि फट वाढते.

आडव्या पट्ट्या बैठ्या घराला छान दिसतात. पण पातळ पट्टी दोन खांबांमधल्या ६ फुटांच्या गाळ्यात मधे झोळ धरते, त्यामुळे खांब जवळजवळ घ्यावे लागतात. शिवाय मुलांना चढायला आयती शिडी मिळते. म्हणून उभ्याच घ्या.

फाटकाच्या दोन्ही बाजूंना ६ फुटांचे तीन-तीन गाळे बसतील. त्यासाठी ४ इंची चौकोनी खांब ८ आणि ६ फुटांचे आडवे दांडे १२ लागतील. पट्टी ३ इंच रुंद, साडेतीन फूट उंच आणि फट दीड इंच धरली तर एका गाळ्यात १६, म्हणजे एकूण ९६ पट्ट्या. फाटकाला आणखी ८. प्रत्येक पट्टीला चार याप्रमाणे कुंपणालाच ३८४ स्क्रू लागतात. ते गॅल्व्हनाइज्डच घ्या. साध्या स्क्रूचा गंज रंगावर ओघळतो.

खांब ६ फुटांचे घ्या : ४ फूट वर, २ फूट जमिनीत. फाटकाचे दोन खांब मात्र साडेसहा फुटांचे घ्या आणि अर्धा फूट जास्त खोल जाऊ द्या. आधी दोन टोकांचे खांब ओळंब्यात उभे करा, त्यांच्यात दोरी ताणा, मग मधले. एक खांब अर्धा इंच जरी बाहेर गेला तरी रस्त्यावरून सगळी रांग वाकडी दिसते. पट्ट्या ठोकताना दर वेळी टेप लावू नका; दीड इंची ठोकळा फटीत धरून पुढची पट्टी बसवा. जमिनीपासून २ इंच वर राहिल्या तर त्या ओल ओढणार नाहीत.

प्रश्न : वर्षभरात फाटक झुकून जमिनीला घासतंय. खांबही बुडाशी मऊ पडलाय. काय चुकलं?

उत्तर : फाटकाची तिरकी पट्टी बहुधा उलटी बसली आहे. लाकडी तिरकी पट्टी बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यातून कडीकडच्या वरच्या कोपऱ्यात जायला हवी, म्हणजे फाटकाचा भार खालच्या बिजागरीवर उतरतो.

मऊ पडलेला खांब मात्र बदलावाच लागेल; वरून रंग देऊन कुज थांबत नाही. काँक्रीटच्या वाटीत पाणी साचून खांब कुजतो. नवा बसवताना खड्ड्याच्या तळाशी ६ इंच खडी घाला, खांब थेट खडीवर टेकवा आणि भोवतीच काँक्रीट भरा. काँक्रीटचा माथा जमिनीच्या किंचित वर आणून बाहेरच्या बाजूला उतार द्या. खांबाच्या कापलेल्या टोकांना लाकूडरक्षक द्रव आधीच पाजा, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी तिथूनच पितं. आठवडाभर थांबून मगच फाटक टांगा.

प्रश्न : कुंपणाला पांढरा रंग द्यावा की गडद?

उत्तर : झाडं उठून दिसायला हवी असतील तर गडद हिरवा किंवा राखाडी. पांढऱ्यावर नजर आधी कुंपणाकडे जाते, आणि मातीचे शिंतोडेही ठळक दिसतात.