बावन्नातून सत्तावीस गेले, पस्तीस कसे उरले?

वाचकांचे प्रश्न : बेरीज आणि वजाबाकी

प्रश्न : माझी मुलगी तिसरीत आहे. ५२ − २७ दिले की ३५ लिहिते. रोज दहा-दहा गणिते करून घेते, तरी चूक तीच. लक्ष नसते असे म्हणावे, तर पाढे धडाधड म्हणते. काय करू? (एक आई, कोथरूड)

उत्तर : लक्ष नसते तर दर वेळी वेगळी चूक झाली असती. एकच चूक पुन्हा पुन्हा होते, म्हणजे मूल एखादा नियम पाळते आहे. तो कोणता, हे आधी शोधा.

३५ दोन वाटांनी येते. एक, २ मधून ७ जात नाहीत म्हणून तिने उलटे ७ मधून २ काढले : ५. मग ५ मधून २ गेले, ३. ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हे वाक्य आपणच पहिलीत सांगितलेले असते, ती ते इमानाने पाळते आहे. दुसरी वाट अशी की तिने २ चे १२ बरोबर केले, १२ − ७ = ५ काढले, पण दशकातला ५ खोडून ४ करायचा राहिला. पुन्हा ३५. दोन्हीकडे एककांत ५ येतात, त्यामुळे या उदाहरणावरून काहीच कळणार नाही. तिला ६१ − २८ द्या. ४७ आले तर ती अंक उलटे वजा करते. ४३ आले तर तिला दशक सुटा करता येतो, फक्त तो कमी करायचे राहते. बरोबर उत्तर ३३. दोन्ही चुकांवरचा उपाय वेगळा आहे.

४७ आले तर वही आठवडाभर बाजूला ठेवा. खराट्याच्या काड्या बोटभर लांबीच्या कापा, दहा-दहांचे पाच गठ्ठे रबरबँडने बांधा, दोन सुट्या ठेवा. गठ्ठे तिलाच मोजून बांधू द्या. विकतचे साहित्य अप्पा बळवंत चौकात मिळते, पण या कामाला काड्याच चांगल्या. आता म्हणा, ‘यातल्या सत्तावीस मला दे.’ ती दोन गठ्ठे देईल, दोन सुट्या देईल आणि थांबेल. तुम्हीही थांबा. गप्प राहणे इथे फार महत्त्वाचे आहे. अजून पाच हव्यात आणि सुटी एकही नाही, हे तिला दिसले की ती स्वतःच एक रबरबँड काढते. दोन गठ्ठे आणि पाच काड्या उरतात. तिने दशकांपासून सुरुवात केली म्हणून अडवू नका, काड्यांवर दोन्हीकडून उत्तर एकच येते.

काड्यांऐवजी दहाची नोट आणि रुपयाची नाणी सुरुवातीला घेऊ नका. गठ्ठ्यात दहा काड्या डोळ्यांना दिसतात, नोटेत दहा रुपये दिसत नाहीत. नोटा नंतर.

४३ येत असेल तर काड्या आणि वही एकाच वेळी हवी. ५२ − २७ मध्ये रबरबँड सुटला की त्याच क्षणी ५ खोडून ४ लिहायचा, मग २ च्या जागी १२. क्रम हाच ठेवा : आधी दशक कमी, मग एकक वाढवायचे. उलट क्रमात दशक कमी करायचे विसरले जाते.

एक शब्दही बदलावा असे आम्हाला वाटते. ‘शेजारून उसने घे’ म्हटले की मूल विचारते, परत कधी द्यायचे? शेजारून उसनी आणलेली साखर परत करावी लागते, इथे परत काहीच जात नाही. ‘एक दशक सुटा केला’ म्हणा. जे घडले ते तेवढेच आहे.

पुढच्या आठवड्यात ४०३ − १६८ सारखे उदाहरण येईल, तिथे पुन्हा अडखळणे होईल. मुले शतकातून थेट एककात दहा आणतात आणि दशकात १० तसेच ठेवतात, म्हणून २३५ ऐवजी २४५ येते. दहा गठ्ठे एका पिशवीत घालून शंभर करा. पिशवी उघडल्याशिवाय गठ्ठा मिळत नाही आणि गठ्ठा सोडल्याशिवाय काडी मिळत नाही, त्यामुळे दशकात नऊच उरतात हे हातालाच कळते.

प्रश्न : मी नातवाला वजाबाकीत वर दहा मिळवून खालच्या दशकात एक मिळवायला शिकवतो. सून म्हणते, शाळेत असे नाही. माझी रीत चुकीची आहे का? (एक आजोबा, सदाशिव पेठ)

उत्तर : अजिबात नाही. ५२ − २७ मध्ये तुम्ही वर १२ करता आणि खाली २ चे ३ करता : १२ − ७ = ५, ५ − ३ = २. दोन्ही संख्यांत दहा मिळवले, त्यामुळे फरक तोच राहिला. पण काड्यांवर ती दाखवणे कठीण आहे, आणि दोन रीती एकत्र आल्या की मूल वरचा ५ ही कमी करते आणि खालचा २ ही वाढवते. उत्तर १५ येते. शाळेची रीत पक्की होईपर्यंत थांबा, आजोबा. मग ती पडताळ्यासाठी जरूर शिकवा.

प्रश्न : दुसरीतली मुले ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहितात. बेरीज येते, पण संख्याच चुकीची उतरवल्याने उत्तर चुकते. (एक शिक्षिका, हवेली तालुका)

उत्तर : दोष मुलांच्या कानात नाही, आपल्या संख्यानामांत आहे. त्रेपन्नमध्ये तीन आधी ऐकू येतात, लिहायचा मात्र पाच आधी. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस. नाव तीसचे, लिहायचे २९. एकोणनव्वदपर्यंत असे चालते, आणि ९९ ला अचानक नव्याण्णव. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी नावे दिली तेव्हा मोठा वाद झाला. आमचे मत असे की दोन्ही नावे शिकवावीत. श्रुतलेखनात तुम्ही म्हणा ‘त्रेपन्न’, मुलांनी मोठ्याने म्हणायचे ‘पन्नास तीन’, आणि मगच लिहायचे. मंडईत भाव विचारताना त्रेपन्नच लागणार आहे, तेव्हा ते नाव सोडून चालणार नाही.

एकोणचा फायदाही घ्या. ४६ + २९ तोंडी विचारा. एकोणतीस म्हणजे एक कमी तीस, म्हणून ४६ आणि ३० शहात्तर, एक कमी पंचाहत्तर. ही युक्ती त्या नावातच आहे.

प्रश्न : मुलगा ८ + ५ बोटांवर मोजतो. बोटे बंद करायला लावू का? (एक वडील, हडपसर)

उत्तर : नको, तो बाकाखाली मोजेल. कसे मोजतो ते बघा. उत्तर १२ येत असेल तर तो पहिले बोट मोडताना ‘आठ’च म्हणतो. छातीवर हात ठेवून ‘आठ’ म्हणायला सांगा आणि पहिल्या बोटाला ‘नऊ’. ते जमले की अंड्यांचा तीस खाचांचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्या. पाच गुणिले सहाचा असतो, कापून दहा-दहाचे तीन तुकडे होतात. एका तुकड्यात आठ चिंचोके, दुसऱ्यात पाच. ‘पहिला भरायला किती हवेत?’ दोन उचलून तिकडे, इकडे उरले तीन. दहा आणि तीन, तेरा. ९ + ४, ७ + ६ असेच. दहाच्या जोड्या तोंडावर आल्या की बोटे आपोआप सुटतात.

प्रश्न : शाब्दिक उदाहरणात बेरीज की वजाबाकी, हेच कळत नाही. (एक पालक, चिंचवड)

उत्तर : ‘उरले म्हणजे वजाबाकी’ अशी शब्दांची यादी पाठ करून घेतली असेल तर ती विसरायला लावा. ‘स्वारगेटला बस निघाली. डेक्कनला ९ जण उतरले, आत १७ राहिले. निघताना किती होते?’ ‘उतरले’ ऐकून मूल १७ मधून ९ वजा करते आणि ८ सांगते. त्याला एकच विचारा : निघताना जास्त माणसे होती की आता? जास्त, असे म्हणाल्यावर आठ कसे होतील, हे त्याचे त्यालाच खटकते. आकडे झाकून ठेवून गोष्ट आधी सांगायला लावा. उत्तर १७ पेक्षा मोठे की लहान, हे ठरल्यावरच पेन्सिल हातात द्या.