लॅपटॉपचा प्रोसेसर ८०० मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही. दोष लिनक्सचा की बायोसचा?

बहुतेक वेळा बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डवरच बसवलेल्या सॉफ्टवेअरचा (फर्मवेअरचा). निदान आधी तिकडेच बघा.

बूट होताना बायोस एसीपीआय नावाचे तक्ते तयार करून ठेवतो; हार्डवेअरची माहिती ऑपरेटिंग सिस्टिमला (ओएसला) त्यातून कळते. त्यातल्या पीएसएस तक्त्यात प्रोसेसर कुठल्या वेगाला चालेल, तेव्हा किती मिलिवॅट खाईल आणि वेग बदलायला किती वेळ लागेल, हे ओळीने लिहिलेलं असतं. लिनक्सचा गव्हर्नर, म्हणजे वेग ठरवणारा भाग, कामाचा लोड बघून त्यातली ओळ निवडतो. पण पीपीसी नावाचा आणखी एक आकडा असतो: 'या ओळीच्या वर जायचं नाही'. तो फर्मवेअर चालू मशीनवरही बदलू शकतो, आणि ओएस गुमान ऐकते. २०११ च्या एसीपीआय ५.० पासून सीपीपीसी ही नवी पद्धत आली. त्यात ठरावीक ओळींऐवजी ओएस नुसती अपेक्षा सांगते, नेमका वेग हार्डवेअर ठरवतं.

माझंच सांगतो. परभणीत, ऐन मे महिन्यात, मशीन असंच ८०० ला अडकलं. मला वाटलं उन्हाळा, म्हणून कूलर समोर ओढला, पंखा साफ केला. काही नाही. शेवटी बघतो तर चार्जरच्या पिनमधली बारीक सुई वाकलेली! फर्मवेअरला अडॅप्टर ओळखू येईना, म्हणून त्याने वेगच दाबून धरला होता. अशा वेळी कधी कधी थेट प्रोसेसरच्या 'तापलो' या तारेवरच इशारा जातो. मग तक्ते ठीक दिसतात आणि गव्हर्नर बदलून काडीचा फरक पडत नाही.

तर आधी दुसरा, ओरिजिनल चार्जर लावून बघा. मग बायोस अपडेट.