नॉर्थ मेलबर्न सतत का हरते, आणि मुलाला दुसऱ्या संघाकडे वळवावे का?

प्रश्नकर्ते लिहितात की पुण्याहून मेलबर्नला येऊन त्यांना पाच महिने झाले, घर आर्डन स्ट्रीटच्या मैदानापासून जवळ असल्यामुळे मुलगा तिथल्या नॉर्थ मेलबर्न या ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधल्या (एएफएल) क्लबच्या नादी लागला आहे, आणि हा संघ सारखा हरत असल्याने दोष प्रशिक्षकाचा की खेळाडूंचा, तसेच मुलाला वेळीच एखाद्या जिंकणाऱ्या संघाकडे वळवावे का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो वाचल्यावर मला राहवले नाही. मुलाला वळवू नका. मी २०१२ पासून या क्लबचा सभासद आहे आणि २०२१ ते २०२४ या चार हंगामांतील ९० सामन्यांपैकी आम्ही फक्त १२ जिंकले, हे पूर्ण ठाऊक असूनही मी हे लिहीत आहे.

मी केन्सिंग्टनला भाड्याने राहायला आलो तेव्हा शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ होते. फूटी, म्हणजे हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, काय असते हे मला त्यांनी शिकवले. नॉर्थ मेलबर्न १९२५ मध्ये लीगमध्ये आले आणि पहिले विजेतेपद मिळायला १९७५ साल उजाडावे लागले, हे ते घरातल्या माणसाच्या आजारपणाबद्दल सांगावे तसे सांगत. २००७ मध्ये लीगने हा क्लब गोल्ड कोस्टला हलवण्याचा प्रस्ताव दिला होता आणि त्यासोबत भरपूर पैसाही देऊ केला होता. क्लबने तो नाकारला. त्या दिवसांत हे गृहस्थ सभासदत्वाचे अर्ज घेऊन दारोदार फिरले होते. कुंपणापलीकडून त्यांनी मला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक स्कार्फ दिला. तो त्यांच्या पत्नीने विणलेला होता, आणि पांढरी लोकर शेवटी कमी पडल्यामुळे एका टोकाची वीतभर पट्टी मोतिया रंगाची झाली होती. तो स्कार्फ आजही आमच्या दारामागच्या खुंटीवर आहे. पुढे ते गृहस्थ लेकीकडे बॅलराटला राहायला गेले, पण प्रत्येक सामन्यानंतर त्यांचा फोन येतो.

आता ऑगस्ट २०२३ ची शेवटची फेरी. त्या हंगामात आम्ही पहिले दोन सामने जिंकलो आणि नंतर सलग २० हरलो. शेवटचा सामना होबार्टला होता आणि समोर होते गोल्ड कोस्ट, म्हणजे ज्या गावाला जायला आमच्या लोकांनी नकार दिला होता त्याच गावासाठी लीगने पुढे उभा केलेला संघ. तळाला आमच्याबरोबर पर्थचा संघ वेस्ट कोस्ट होता. जो शेवटचा राहील त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब दरवर्षी आळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्यात, पहिली निवड मिळणार होती, आणि त्या वर्षी पहिली निवड म्हणजे हार्ली रीड हा तरुण खेळाडू, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. वर्षभर जिथे जावे तिथे त्या मुलाचेच नाव ऐकू येत होते. आमच्याच समर्थकांपैकी निम्मे लोक उघडपणे म्हणत होते की हा सामना हरलेलाच बरा.

माझा एक ठाण्याचा मित्र आहे. आम्ही एकाच महाविद्यालयात होतो, तो मेलबर्नला २०१३ मध्ये आला, आणि त्याने हॉथॉर्न हा संघ धरला. लागोपाठ तीन वर्षे हॉथॉर्नने विजेतेपद जिंकले. त्याच्या आनंदाबद्दल मला कधीच आकस नव्हता, परंतु संघ कसा धरायचा याबद्दलचे त्याचे मत तेव्हापासून पक्के झाले आणि ते मला तेव्हापासून खुपत आले. त्या दिवशी तो आमच्याकडे सामना पाहायला आला होता. पोह्यांची बशी हातात घेऊन तो पहिल्या क्वार्टरपासून एकच सांगत होता की आता जिंकून काय मिळणार आहे, हरा म्हणजे रीड मिळेल, आणि रीड मिळाला म्हणजे पुढची दहा वर्षे मार्गी लागतील.

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ती प्रत्येक पराभवाच्या चौकटीत पेन्सिलीने छोटी फुली मारत असे. एप्रिलपासून एकही महिना फुल्यांशिवाय गेला नव्हता. त्या दिवशी निक लार्की एकामागून एक गोल करत सुटला. उंच चेंडू आला की तो बचावपटूच्या अंगावरून हात काढून तो छातीशी धरायचा, मोजे वर ओढायचा, थोडे मागे जायचा आणि शांतपणे मारायचा. त्याने एकट्याने नऊ गोल केले. सहाव्या गोलनंतर माझा मित्र खरोखर वैतागून म्हणाला की याला कुणीतरी बाहेर बसवा. सामना आम्ही जिंकलो. मुलीने त्या चौकटीत फुलीऐवजी ‘९’ लिहिले आणि त्याभोवती गोल काढला. तेवढ्यात बॅलराटहून फोन आला. पलीकडचे गृहस्थ काहीच बोलले नाहीत, त्यांनी फोन टीव्हीजवळ धरला होता आणि त्यातून क्लबचे विजयगीत ऐकू येत होते.

आम्ही आणि वेस्ट कोस्ट, दोघांचेही तीन-तीन विजय झाले, केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या टक्केवारीवर ते आमच्या खाली राहिले आणि रीड पर्थला गेला. त्या रात्री दारात चपला घालताना मित्र म्हणाला, ‘‘आज तुम्ही दहा वर्षे हरलात.’’ हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही, आणि आपला प्रश्न वाचताना तेच पुन्हा ऐकू आले.

तो चूक होता असे मला वाटते, आणि माझ्याकडे त्याची कारणे आहेत. मेलबर्न हा संघ (आमच्याहून वेगळा) २००८ आणि २००९ मध्ये शेवटचा आला. २००९ मध्ये ते जाणूनबुजून हरले का याची पुढे लीगने चौकशी केली, तसा ठपका त्यांच्यावर ठेवला नाही, तरीही ५ लाख डॉलर दंड केला आणि दोन पदाधिकाऱ्यांना निलंबित केले. त्या शेवटच्या क्रमांकाच्या बदल्यात त्यांना मिळालेला टॉम स्कली दोनच वर्षांत दुसऱ्या संघाकडे गेला, आणि बाद फेरी पुन्हा पाहायला त्यांना २०१८ पर्यंत थांबावे लागले. आमच्याकडेही २०२१ मध्ये पहिली निवड होतीच. जेसन हॉर्न-फ्रान्सिस आला, एक हंगाम खेळला आणि पोर्ट अॅडलेडला निघून गेला. अठरा वर्षांच्या मुलाला आमच्याच लोकांनी ज्या भाषेत शिव्या घातल्या ती मी मार्व्हल स्टेडियममध्ये माझ्या मागच्या रांगेतून ऐकली आहे आणि त्याबद्दल मला आजही लाज वाटते. उलट आमचाच हॅरी शीझल तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिल्याच वर्षी त्याने लीगचा उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार आणि क्लबचा सर्वोत्तम खेळाडूचा मान, दोन्ही मिळवले. वेस्ट कोस्टचे म्हणाल तर रीड संघात असताना २०२५ मध्ये त्यांनी संपूर्ण हंगामात एक सामना जिंकला. मुलगा उत्तमच आहे, पण एक मुलगा संघ बदलत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, म्हणजे दोष कोणाचा. माझ्या मते खेळाडूंचा नाही, आणि आताच्या प्रशिक्षकाचा फारच थोडा. दोष ज्यांनी संघ मोडला त्यांचा आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये आम्ही अंतिम सामन्याच्या एक पाऊल अलीकडे होतो, २०१६ मध्ये पहिले नऊ सामने ओळीने जिंकलो, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ४३२ सामन्यांच्या दिशेने चाललेल्या ब्रेंट हार्वीसह चार ज्येष्ठ खेळाडूंना पुढचा करार मिळणार नसल्याचे कळवण्यात आले. २०२० च्या अखेरीस तर एकदम अकरा खेळाडूंना काढले. त्यानंतर मैदानावर उरली ती विशीच्या आतबाहेरची मुले आणि थोडे थकलेले जुने लोक. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा खेळाडू, ज्याला चेंडू हातातून गेल्यावर कुठे धावायचे हे सांगावे लागत नाही आणि जो शेजारच्या पोराला ओरडून जागेवर आणतो, तोच नाहीसा झाला. मार्व्हलला गोलच्या मागे बसून पाहिले तर हे डोळ्यांना दिसते. मिडफिल्डमध्ये लूक डेव्हिस-युनियाकी चेंडू जिंकून देतो तोवर सगळे ठीक असते, पण चेंडू एकदा निसटला की समोरच्या संघाचे तीन खेळाडू मोकळ्या मैदानातून येतात आणि आमचे बचावपटू एकमेकांकडे पाहत राहतात. २०२१ च्या गुड फ्रायडेला वेस्टर्न बुलडॉग्सकडून १२८ गुणांनी हरलो तेव्हा हेच चार क्वार्टर चालले होते.

त्यात प्रशिक्षक टिकले नाहीत. ब्रॅड स्कॉट २०१९ च्या मध्यात गेले, नंतर ऱ्हाइस शॉ, नंतर डेव्हिड नोबल, तेही २०२२ च्या मध्यात गेले, आणि मग अॅलिस्टर क्लार्क्सन आले, ज्यांनी हॉथॉर्नला चार विजेतेपदे मिळवून दिली होती. प्रत्येक जण नवी पद्धत घेऊन आला आणि प्रत्येक वेळी मुलांनी पहिल्यापासून शिकायला सुरुवात केली. २०२४ च्या अखेरीस क्लबने लूक पार्कर, केलेब डॅनियल आणि जॅक डार्लिंग हे अनुभवी खेळाडू बाहेरून आणले, म्हणजे जसे खेळाडू चार वर्षांपूर्वी घरात होते आणि फेकून दिले होते, तसेच विकत आणावे लागले. २०२५ मध्ये पाच विजय मिळाले. पाच म्हणजे फार नाहीत, पण या वाटेने मिळाले.

हे माझे नुसते मत नाही, याचा पुरावा त्याच आर्डन स्ट्रीटवर आहे. आमच्या महिला संघाने खेळाडू सांभाळले, वर्षानुवर्षे तीच फळी एकत्र ठेवली, आणि २०२४ चा हंगाम एकही सामना न हरता ब्रिस्बेनला अंतिम सामन्यात ३० गुणांनी हरवून जिंकला. तुमच्या मुलाला जिंकणारा संघच पाहायचा असेल तर तो घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर सराव करतो. मुलाचे सभासदत्व काढा, मोठ्यांच्या मानाने ते बरेच स्वस्त पडते. शिवाय ‘द हडल’ नावाचा क्लबचा उपक्रम २०१० पासून तिथेच चालतो, तो खास स्थलांतरित आणि निर्वासित कुटुंबांतील मुलांसाठी आहे, त्याचीही चौकशी करा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. तळाला राहून मिळालेल्या निवडी अगदीच वाया जातात असे नाही. मेलबर्नने २०२१ मध्ये ५७ वर्षांनी विजेतेपद मिळवले त्यात क्रिस्चन पेट्राका आणि क्लेटन ऑलिव्हर होते, आणि ते दोघेही वाईट हंगामांनंतर मिळालेल्या वरच्या निवडी होत्या. मित्र हे उदाहरण मला दर वेळी देतो. मी त्याला दर वेळी सांगतो की त्या दोघांना शिकवायला तोवर तिथे टिकाऊ प्रशिक्षक आणि जाणते खेळाडू आले होते. यावर तो रीड अजून लहान आहे, थांब, असे म्हणतो, आणि आमचे बोलणे तिथेच अडते.

२०२३ चे ते कालनिर्णय मुलीने टाकू दिलेले नाही. मित्र घरी आला की मी त्याला ऑगस्टचे पान दाखवतो.